सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्या, ग्रीड आणि बॅटरीचा प्रस्ताव

प्रश्न : शिरोलीकर

नमस्कार. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा बिडाच्या ओतकामाचा कारखाना आहे. घसाऱ्याची भरघोस सवलत मिळत होती त्या काळात, म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वी, वडिलांनी पाटण तालुक्यात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, प्रत्येकी ३५० किलोवॅटच्या दोन पवनचक्क्या घेतल्या. दोन्ही यंत्रे जुन्या धाटणीची आहेत. त्यांत गिअरबॉक्स आहे आणि साधा इंडक्शन जनरेटर आहे. तयार झालेली वीज ३३ केव्हीच्या वाहिनीने पूलिंग उपकेंद्रात, म्हणजे अनेक यंत्रांची वीज एकत्र होते तिथे, जाते आणि मीटरच्या नोंदीनुसार कारखान्याच्या बिलातून वळती होते. हा सारा व्यवहार आतापर्यंत वडीलच पाहत असत. गेल्या वर्षापासून तो माझ्याकडे आला आहे, आणि मी धातुकामाचा माणूस असल्यामुळे विजेतली माझी गती फ्यूज बदलण्यापलीकडे फारशी गेलेली नाही.

अडचणी दोन आहेत. एक म्हणजे रिॲक्टिव्ह विजेचा आकार दरमहा लागतो, आणि वारा पडलेल्या महिन्यांत तो कमी होण्याऐवजी निर्मितीच्या मानाने वाढलेलाच दिसतो. दुसरी म्हणजे ऐन आषाढ-श्रावणात, वारा उत्तम असताना, यंत्रे अचानक बंद पडतात आणि पुन्हा सुरू व्हायला कधी दहा मिनिटे लागतात, तर कधी अर्धा दिवस जातो. अशातच एका पुरवठादाराने प्रस्ताव आणला आहे. त्याच्या म्हणण्यानुसार आमची वीज अस्थिर असल्यामुळे ग्रीडला ती चालत नाही आणि ५०० युनिट साठवणारी बॅटरी बसवून आधी ती स्थिर केली पाहिजे. रक्कम ऐकल्यावर मी विचार करायला वेळ मागून घेतला.

वाऱ्याची वीज ग्रीडसाठी स्थिर करणे म्हणजे नेमके काय करणे, आणि त्यातले माझ्यासारख्या दोन यंत्रांच्या मालकाच्या वाट्याला काय येते, हे जाणकारांनी समजावून सांगितले तर फार बरे होईल.

उत्तर : निवृत्त उपअभियंता

शिरोलीकरसाहेब, तुम्ही थांबलात हे उत्तम केलेत. "अस्थिर" या एका शब्दात पुरवठादाराने तीन निरनिराळी दुखणी कोंबली आहेत, आणि त्यांपैकी ज्या दुखण्यावर बॅटरी चालते ते तुमचे नाही.

वाऱ्याची निर्मिती खालीवर होते हे खरेच आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे सेकंदाला १० मीटर वेगाने वाहणारा वारा ८ मीटरवर आला, तर अंगाला फारसा फरक जाणवत नाही, पण पात्यांना मिळणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. हे हेलकावे ग्रीडच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या ठेक्याला, बाधतात का, हा खरा प्रश्न आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एकाच ठेक्यात जोडली गेली. तेव्हापासून सबंध देशाची फ्रिक्वेन्सी एक आहे. मे २०२४ मध्ये या ग्रीडवरची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली होती. तिथे तुमच्या पाऊण मेगावॅटाहूनही कमी असलेल्या निर्मितीचे चढउतार कोणाच्या खिजगणतीत नाहीत. शिवाय एकाच पठारावर शंभर यंत्रे असतील आणि प्रत्येकावर येणारे झोत आपापल्या वेळी येत असतील, तर सेकंदासेकंदाचे हेलकावे एकमेकांना खोडून काढतात आणि एकूण निर्मितीच्या मानाने पाहिले तर एका यंत्राच्या हेलकाव्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतात. तासातासांनी होणारे मोठे बदल मात्र असे खोडले जात नाहीत, कारण वारा पडतो तेव्हा तो साऱ्या सड्यावर पडतो. त्याची काळजी विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणारे भार प्रेषण केंद्र घेते. ते काम दोन यंत्रांच्या मालकाने अंगावर घ्यायचे नसते.

बॅटरीचा हिशेबही करून पाहा. तुमची दोन्ही यंत्रे पूर्ण जोरात असतील तर तासाला ७०० युनिट तयार होतात, म्हणजे ५०० युनिटची रिकामी बॅटरी पाऊण तासाच्या आत भरते. श्रावणात वारा तीन-तीन दिवस थांबत नाही. भरल्यावर पुढे काय करायचे? आणि माघ-फाल्गुनात तिच्यात भरायला फारसे काही नसते.

आता तुमच्या बिलाकडे वळतो, कारण तिथे तुमचा खरा पैसा जातो आहे. इंडक्शन जनरेटरच्या फिरत्या भागात स्वतःचे चुंबक नसते. चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी त्याला ग्रीडकडूनच रिॲक्टिव्ह शक्ती, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता ये-जा करत राहणारी शक्ती, घ्यावी लागते, म्हणजे एका हाताने वीज देताना दुसऱ्या हाताने तो उसनवारी करत असतो. समजा, तुमच्या ३५० किलोवॅटच्या यंत्राचा पॉवर फॅक्टर (एकूण शक्तीत कामाच्या विजेचा वाटा) पूर्ण भाराला ०.८८ आहे, मग ते ग्रीडकडून सुमारे १९० केव्हीएआर (रिॲक्टिव्ह शक्तीचे माप) ओढते. तोच ०.९८ वर आणायचा असेल, तर साधारण १२० केव्हीएआरचे कपॅसिटर, म्हणजे ही शक्ती जागेवरच पुरवणारे डबे, यंत्राच्या पायथ्याशी लागतात. ही यंत्रे बसवताना कपॅसिटरची बँक सोबत येतेच, पण वीस वर्षांत त्यातले किती टप्पे जिवंत राहिले आहेत हे सहसा कोणी पाहत नाही.

कमी वाऱ्यात आकार वाढलेला का दिसतो, याचेही उत्तर यातच आहे. चुंबकीकरणाला लागणारी रिॲक्टिव्ह शक्ती निर्मितीवर फारशी अवलंबून नसते. यंत्र ३०० किलोवॅट देत असो की २०, तो मूळ खर्च चालूच राहतो, आणि पायथ्याच्या रोहित्राचाही त्यात वाटा असतो. युनिट घटतात, उसनवारी तेवढीच राहते, म्हणून गुणोत्तर बिघडते.

बॅटरीसोबत जो इन्व्हर्टर येतो तो रिॲक्टिव्ह शक्ती देऊ शकतो, एवढ्यापुरते त्या पुरवठादाराचे म्हणणे खोटे नाही; पण त्यासाठी बॅटरी घेणे म्हणजे वाटीभर ताकासाठी म्हैस बांधण्यासारखे आहे.

उत्तर : सड्यावरचा

मी याच सड्यावर देखभालीचे काम करतो. उपअभियंता साहेबांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे. त्यात प्रत्यक्ष कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

शिरोलीकरदादा, तुमच्या यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये प्रत्येक बंदीचा कोड आणि वेळ यांची नोंद असते. जुलै आणि ऑगस्टची यादी काढून घ्या आणि दोन्ही यंत्रांची यादी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही यंत्रे एकाच मिनिटाला बंद पडलेली दिसली, तर दोष बहुधा यंत्रात नसून वाहिनीत आहे. एकच यंत्र पडले असेल तर गिअरबॉक्सचे तापमान, ब्रेकचे पॅड, कंपनाचा स्विच, यॉची (यंत्राचे तोंड वाऱ्याकडे वळवणारी) मोटर अशा घरच्या कारणांकडे पाहावे लागते. पावसाळ्यात आमच्याकडे ३३ केव्हीच्या वाहिनीवर काय काय होते ते शहरात बसून कळायचे नाही. इन्सुलेटरवर ओल धरते, जंपर सैल होतो, वीज पडते, उतारावरची फांदी वाऱ्याने तारेला टेकते. असा दोष झाला की विजेचा दाब (व्होल्टेज) क्षणभर खचतो आणि जुनी यंत्रे लगेच ग्रीडपासून सुटतात.

सुटल्यानंतर दहा मिनिटे लागतात, कारण दाब आणि फ्रिक्वेन्सी ठरावीक वेळ सुरळीत असल्याची खात्री झाल्याशिवाय कंट्रोलर यंत्र पुन्हा जोडत नाही. अर्धा दिवस लागतो तेव्हा दोष दिसताच यंत्र सोडवणारा रिले लॉक झालेला असतो, आणि धुक्यातून, चिखलातून माणूस तिथवर पोहोचून रिसेट करीपर्यंत तेवढा वेळ जातोच. याला दुसरा इलाज नाही.

कपॅसिटर तपासायला मोठे उपकरण लागत नाही. यंत्र चालू असताना प्रत्येक टप्प्याच्या तिन्ही फेजना क्लॅम्प मीटर लावून प्रवाह पाहावा आणि तो पाटीवरच्या आकड्याशी ताडून घ्यावा. फुगलेला डबा डोळ्यांनाही दिसतो, पण न फुगता अर्धा मेलेला डबा केवळ मीटरलाच कळतो. टप्पे आतबाहेर करणाऱ्या कॉन्टॅक्टरची टोके जळून चिकटलेली असतील तर तेही पाहून घ्या.

शिरोलीकर

आपणा दोघांचेही आभार. रविवारी सड्यावर जाऊन आलो. एका यंत्राच्या कपॅसिटरच्या पाच टप्प्यांपैकी दोनच टप्प्यांत पुरेसा प्रवाह आहे आणि एक कॉन्टॅक्टर चिकटलेला आहे. दुसऱ्याचे चार टप्पे ठीक आहेत. बंदीच्या यादीत दोनतृतीयांशांहून अधिक नोंदी "दाब कमी" किंवा "फेज असमतोल" अशा आहेत आणि त्या दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी पडलेल्या आहेत. म्हणजे दोष वाहिनीचा आहे असे दिसते.

मात्र एक शंका राहते. शेजारच्या टेकडीवर अलीकडे उभारलेली मोठी यंत्रे त्याच वादळात फिरत राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. दाब तिथेही खचला असणार. मग आमचीच यंत्रे का सुटतात, आणि रिलेची वेळ थोडी वाढवून घेतली तर ती टिकतील का?

उत्तर : आऱ्हूसहून

मी मूळची कराडची असून सध्या डेन्मार्कमध्ये पवनचक्क्यांच्या नियंत्रण प्रणालीवर काम करते. तुमची शंका माझ्या रोजच्या कामाचीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या जनरेटरचा टॉर्क, म्हणजे रोटरला अडवून धरणारा पीळ, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोष झाला आणि दाब निम्म्यावर आला की जनरेटर रोटरला जेवढे अडवून धरू शकत होता त्याच्या चौथ्या हिश्शानेच धरतो. वारा मात्र पात्यांना पूर्वीइतकेच ढकलत असतो, त्यामुळे रोटर भरधाव होऊ लागतो. पुढचा भाग अधिक वाईट आहे. दोष दूर होऊन दाब परतू लागला की भरधाव झालेले यंत्र चुंबकीकरणासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रिॲक्टिव्ह शक्ती ओढते, आणि त्यामुळे त्या वाहिनीवरचा परतणारा दाब पुन्हा दबतो. अशी वीस यंत्रे एका वाहिनीवर असतील तर ती सगळी मिळून दाबाला वर येऊच देत नाहीत. म्हणून त्या काळच्या संरक्षणाची शिकवण सरळ होती, दाब खचला की ताबडतोब सुटून जायचे. तुमचा रिले तेच करतो आहे. त्याची वेळ वाढवली तर यंत्र टिकण्याऐवजी भरधाव होऊन ब्रेकवर आणि गिअरबॉक्सवर आघात होईल, तेव्हा कृपया तसे करू नका.

शेजारच्या टेकडीवरची यंत्रे वेगळ्या जातीची आहेत. काहींमध्ये रोटरच्या बाजूला जनरेटरच्या क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांचा कन्व्हर्टर, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून देणारे उपकरण, असतो. काहींमध्ये सगळीच वीज कन्व्हर्टरमधून ग्रीडला जाते आणि पाती कोणत्याही वेगाने फिरली तरी ग्रीडला ५० हर्ट्झच दिसतात. दाब खचल्यावर असे यंत्र जास्तीची ऊर्जा रोधकांत जिरवते, पात्यांचा कोन वळवून वारा सोडून देते, आणि त्याच क्षणी रिॲक्टिव्ह प्रवाह देऊन दाबाला वर उचलते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीच्या नियमांत २०१३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार १५ एप्रिल २०१४ पासून ६६ केव्ही वा त्याहून वरच्या दाबाला जोडल्या जाणाऱ्या पवन प्रकल्पांनी दाब नेहमीच्या १५ टक्क्यांवर आला तरी ठरावीक काळ, जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद, जोडलेले राहिले पाहिजे. पॉवर फॅक्टरही ०.९५ मागे ते ०.९५ पुढे असा, म्हणजे रिॲक्टिव्ह शक्ती घेण्याच्या आणि देण्याच्या, दोन्ही बाजूंना फिरवता आला पाहिजे. तुमची यंत्रे त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

दोषाच्या वेळी जोडलेले राहणे ग्रीडला एवढे मोलाचे का वाटते, हे दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी दिसले. वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले आणि दोन मिनिटांत दाब सहा वेळा खचला. तिथली पवनक्षेत्रे आधुनिक होती. पहिले काही धक्के त्यांनी व्यवस्थित झेलले. परंतु ठरावीक वेळेत किती धक्के झेलायचे याची एक मर्यादा काही यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली होती आणि तिची माहिती ग्रीड चालवणाऱ्यांना नव्हती. मर्यादा ओलांडताच नऊ पवनक्षेत्रांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट निर्मिती घटवली. ती तूट भरून काढताना शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याशी जोडणाऱ्या वाहिनीवर अतोनात भार आला, ती सुटली, आणि सबंध राज्य अंधारात गेले. सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली. वारा त्या दिवशी भरपूर होता. घात झाला तो एका सेटिंगमुळे, आणि ते बदलायला नवे यंत्र लागले नाही.

पुढच्या वर्षी त्याच राज्यात हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली आणि ती गाजली, म्हणून बहुतेकांच्या मनात "पवनचक्की अस्थिर, बॅटरी लावली, स्थिर झाली" अशी गोष्ट पक्की झाली आहे. ती बॅटरी फ्रिक्वेन्सी सांभाळण्याच्या कामी फार उपयोगी पडली, यात वाद नाही. परंतु त्याच राज्यात २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउन येथे चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले, त्यांची बातमी कोणी फारशी वाचली नाही. ही यंत्रे एक युनिटही वीज तयार करत नाहीत. जड चाक जोडलेले ते यंत्र ग्रीडच्या ठेक्यावर नुसते फिरत राहते. त्याच्या जडत्वामुळे फ्रिक्वेन्सी एकदम कोसळत नाही आणि दोषाच्या वेळी ते भरपूर प्रवाह देते. कोळशाची जड जनित्रे बंद होत गेली की हे दोन्ही गुण ग्रीडमधून नाहीसे होतात, आणि मग ते मुद्दाम विकत घेऊन बसवावे लागतात.

तुमच्या बाबतीत, साऱ्या जुन्या यंत्रांच्या मालकांनी मिळून पूलिंग उपकेंद्रात जलद प्रतिसाद देणारा रिॲक्टिव्ह भरपाईचा संच, ज्याला स्टॅटकॉम म्हणतात तो, बसवला तर दाब लवकर सावरतो आणि काही बंद्या टळतात. एकट्याने करण्याचे हे काम नव्हे.

उत्तर : वेळापत्रकवाला

मी एका समन्वयक संस्थेत पवन निर्मितीचे अंदाज बांधण्याचे काम करतो. तासातासाच्या चढउताराची काळजी भार प्रेषण केंद्र घेते असे वर उपअभियंता साहेबांनी लिहिले आहे. ती नेमकी कशी घेतली जाते याबद्दल थोडे सांगतो, कारण त्यातला काही भाग शिरोलीकरांच्या बिलातही येतो.

दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. उद्या प्रत्येक भागात किती निर्मिती होईल याचे वेळापत्रक पूलिंग उपकेंद्रनिहाय आम्ही आज ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला देतो, आणि दिवसभरात दीड-दीड तासाने, म्हणजे जास्तीत जास्त १६ वेळा, ते सुधारू शकतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रत्यक्ष निर्मिती आणि वेळापत्रक यांतला फरक उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत माफ आहे. उदाहरणार्थ, उपकेंद्रावर १०० मेगावॅट क्षमता उपलब्ध असताना आम्ही ६० सांगितले आणि ४२ आले, तर चूक १८ टक्के धरली जाते. माफीपलीकडचे ३ मेगावॅट पाव तासाला ७५० युनिट होतात, आणि पहिल्या टप्प्याच्या ५० पैसे दराने ३७५ रुपये लागतात. ही रक्कम सर्व यंत्रांत वाटली जाते. तुमची यंत्रे वारंवार बंद पडत असतील आणि तुम्ही आम्हाला कळवत नसाल, तर उपलब्ध क्षमता आम्ही चुकीची धरतो आणि सगळ्यांचाच अंदाज बिघडतो. म्हणून देखभालीसाठी यंत्र बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशी तसा निरोप देणे, एवढे जरूर करा.

आमचा अंदाज सर्वांत जास्त कधी चुकतो, असे कोणी विचारले तर मी मोसमी पावसाच्या आगमनाचे आणि खंडाचे दिवस सांगेन. पाऊस स्थिरावला की सड्यावरचा वारा दिवसच्या दिवस एकसारखा राहतो आणि अंदाज सोपा होतो. वळवाच्या ढगांत मात्र तासाभरात वारा चढतो आणि पडतोही, आणि उपग्रहाचे चित्र हाती येईपर्यंत खेळ संपलेला असतो.

आता ग्रीडची बाजू. आमचे भाकीत चुकले तरी दिवे लागले पाहिजेत, आणि फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहिली पाहिजे. ती तूट भरते कोण? औष्णिक संच सावकाश चढतात आणि तांत्रिक किमान पातळीच्या, साधारण ५५ टक्क्यांच्या, खाली सहजी उतरत नाहीत. काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भार घेऊ शकणारे यंत्र म्हणजे जलविद्युत संच, आणि योगायोग असा की पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांखालीच कोयनेचा जलाशय पसरलेला आहे. १,९६० मेगावॅटचा तो प्रकल्प राज्याच्या ग्रीडचा जुना तारणहार आहे. वारा चालू असताना पाणी राखायचे आणि वारा पडला की सोडायचे, हीच आपल्याकडची सर्वांत जुनी बॅटरी. तिला मर्यादा आहे ती पाण्याच्या वाटपाची. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, त्यामुळे हव्या तितक्या वेळा चक्र फिरवता येत नाही. तेच पाणी पुन्हा वर चढवणारे प्रकल्प आपल्याकडे मोजकेच आहेत. घाटघरला १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत आणि भिऱ्याला १५० मेगावॅटचा एक.

बॅटरीला मी इथल्या काही उत्तरांपेक्षा थोडे अधिक माप देईन. पूलिंग उपकेंद्राच्या पातळीवर, पाव-अर्ध्या तासाची चूक झाकण्यासाठी आणि फ्रिक्वेन्सी सावरण्यासाठी ती पुढे लागणारच आहे. फक्त ती दोन यंत्रांच्या पायथ्याशी शोभत नाही.

उत्तर : आऱ्हूसहून

वेळापत्रकवाल्यांच्या कोयनेच्या मुद्द्याला जोडून एवढेच सांगते की डेन्मार्कचेही गुपित हेच आहे. इथल्या विजेतला निम्म्याच्या आसपास वाटा वाऱ्याचा असतो आणि देशात धरण बांधण्याजोगा डोंगर नाही. जटलंडमधून समुद्राखालून नॉर्वेला जाणाऱ्या १,७०० मेगावॅटच्या केबलींनी वारा असताना वीज तिकडे जाते, नॉर्वेची धरणे तेवढे पाणी राखतात, आणि वारा पडला की तिकडून वीज परत येते. आपल्याकडे धरण आणि पवनचक्की एकाच तालुक्यात आहेत, हे भाग्य लहान नाही.

शिरोलीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. बॅटरीचा प्रस्ताव आज नाकारला. कपॅसिटर आणि कॉन्टॅक्टर बदलण्याचे ठरवले आहे, आणि पूलिंग उपकेंद्रावरच्या इतर मालकांपुढे सामाईक भरपाईचा विषय दिवाळीच्या आधी मांडणार आहे. ही यंत्रे काढून एक मोठे बसवण्याचाही विचार मनात आहे. केंद्राच्या २०२३ च्या पुनर्बांधणी धोरणात २ मेगावॅटपेक्षा लहान यंत्रे बसतात असे वाचले. पण जमिनीचा करार आणि वाहिनीची क्षमता पाहिल्याशिवाय त्यावर बोलणे घाईचे होईल.

शेवटचा एक प्रश्न विचारतो. खर्च करतोच आहे, तर आवश्यकतेपेक्षा थोडे मोठे कपॅसिटर बसवून रिॲक्टिव्ह आकार पूर्ण शून्यावर आणावा का? ठेकेदार तसे सुचवतो आहे.

उत्तर : निवृत्त उपअभियंता

नको. यात पैशापेक्षा जिवाचा धोका मोठा आहे. वाहिनी उपकेंद्रातून सुटली आणि तुमचे यंत्र क्षणभर जोडलेलेच राहिले, तर कपॅसिटरच जनरेटरला चुंबकीकरणाची शक्ती पुरवू लागतात. ग्रीडचा आधार नसतानाही यंत्र स्वतःच दाब तयार करते, भार नसल्यामुळे वेग वाढतो, आणि दाब इतका चढू शकतो की पॅनेलमधले इन्सुलेशन फुटते. मेलेली समजून वाहिनीला हात लावणाऱ्या माणसाचे काय होईल ते सांगायला नको. म्हणून यंत्राच्या टोकांवर कायम जोडलेले कपॅसिटर हे यंत्र विनाभार असताना चुंबकीकरणाला जेवढी रिॲक्टिव्ह शक्ती घेते तिच्यापेक्षा किंचित कमीच असावेत. उत्पादकाच्या चाचणीच्या दाखल्यावर विनाभार प्रवाहाचा आकडा मिळेल. त्यापलीकडचे टप्पे भारानुसार आत येणारे आणि ग्रीड जाताच सर्वांत आधी सुटणारे असले पाहिजेत. तुमचा चिकटलेला कॉन्टॅक्टर नेमके हेच होऊ देत नाही, तेव्हा तो बदलेपर्यंत त्या टप्प्याचे फ्यूज काढून ठेवा.

उत्तर : सड्यावरचा

साहेबांच्या सांगण्यात एक जोड देतो. नवे कॉन्टॅक्टर साधे मोटरचे घेऊ नका. कपॅसिटर जोडताना पहिला प्रवाह फार मोठा येतो, त्यासाठी सुरुवातीचे रोधक असलेले वेगळे कॉन्टॅक्टर मिळतात, तेच घ्या. प्रत्येक डब्याला डिस्चार्जचा रोधक आहे का पाहा, आणि सुटलेला टप्पा पुन्हा आत येण्यापूर्वी निदान एक मिनिट जाईल अशी वेळ कंट्रोलरमध्ये लावून घ्या, नाहीतर झोत-झोत वाऱ्यात तो दिवसातून शेकडो वेळा आतबाहेर करतो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा चिकटतो. फ्यूज काढायला जाल तेव्हा मुख्य स्विच पाडून पाच मिनिटे थांबा आणि तिन्ही फेज मीटरने तपासून मगच हात घाला. सोमवारी मी त्याच बाजूला आहे. निघण्याआधी कळवलेत तर सोबत येतो.